अनवाणी की पादत्राणं? पायाला काय कळतं आणि काय कळत नाही

१९४६ साली पॉल ब्रँड नावाचे इंग्रज शल्यविशारद वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. कुष्ठरोग्यांची हातापायांची बोटं झिजतात ती रोग मांस खातो म्हणून, असा तेव्हा सर्रास समज होता. डॉक्टरांचाही. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचं रोजचं वागणं बारकाईने पाहिलं, तेव्हा भलतंच समोर आलं. रोग नसा मारून वेदना घालवत होता आणि पुढची नासधूस रोजच्या हालचालींतून होत होती. खडा टोचला तरी कळत नाही, म्हणून माणूस त्यावरच चालत राहतो. फोड आला तरी लंगडत नाही, म्हणून फोडाची जखम होते आणि ती हाडापर्यंत पोचते. अशा पायांसाठी वेल्लोरला सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचा तळ असलेल्या चपला बनवल्या गेल्या.

अनवाणी चालावं की पादत्राणं घालावीत, या वादाची किल्ली मला या गोष्टीत दिसते. उघडं पाऊल सुरक्षित राहतं ते कातडी जाड असते म्हणून कमी आणि त्याला कळतं म्हणून जास्त. काही बोचलं, पोळलं, घसरलं की ते आपसूक उचललं जातं, वळतं, वजन दुसरीकडे टाकतं. ही जाणीव शाबूत असेल आणि समोरचा धोका जाणवण्यासारखा असेल, तर अनवाणी चालणं बहुतेकांना मानवतं. पण पायाला अजिबात न जाणवणारे धोकेही आहेत. तिथे जाड कातडी, सवय, हिंमत यांतलं काहीही कामाला येत नाही.

पाऊल काय करतं

एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. नुसतं वजन पेलायचं असतं तर इतक्या तुकड्यांची गरज नव्हती. जमीन जशी असेल तसा आकार घ्यायचा आणि पुढच्याच क्षणी ताठ होऊन शरीर पुढे ढकलायचं, अशी दोन उलट कामं पावलाला एकापाठोपाठ करावी लागतात. हे कसं जमतं ते १९५४ साली हिक्स या संशोधकाने दाखवलं. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखालून एक चिवट पट्टा जातो. चालताना टाच उचलली की बोटं मागे वळतात, पट्टा ताणला जातो, पायाची कमान उंचावते आणि पाऊल घट्ट होतं. बसल्या बसल्या करून बघा. तळवा जमिनीवर ठेवा आणि हाताने फक्त अंगठा वर उचला. कमान वर येताना दिसेल.

आता बुटाचा तळ इतका कडक असेल की बोटं वळतच नाहीत, तर पट्ट्याचं काम कमी होतं. पुष्कळ बुटांचं टोक मुळातच वर वळवलेलं असतं. त्याने चालणं सोपं वाटतं, कारण बोटांच्या बारीक स्नायूंना कमी राबावं लागतं. वर्षानुवर्षं कमी राबणारे स्नायू दुबळे होणारच. लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या लोकांनी सहा महिने रोजच्या कामांसाठी पातळ, लवचिक तळाचे बूट वापरले. व्यायाम वेगळा काहीच नाही, तरी त्यांच्या पावलांची ताकद सरासरी ५७ टक्क्यांनी वाढली. मला यात आकड्यापेक्षा मोलाची वाटते ती दुसरी बाजू: पावलं मुळात किती सुस्तावलेली होती!

दुसरं काम जाणिवेचं. तळव्याच्या कातडीत दाब, कंप आणि ताण ओळखणारी संवेदी टोकं पसरलेली असतात. वजन टाचेवर आहे की चवड्यावर, जमीन कलती आहे का, पाय सरकतोय का, याची खबर ती मेंदूला सतत देत असतात. तोल सांभाळायला डोळे आणि आतल्या कानाच्या जोडीला ही खबरही लागते. भिंतीजवळ एका पायावर उभं राहून डोळे मिटा. मग तेच जाड, मऊ उशीवर उभं राहून करा. दुसऱ्या वेळी घोटा किती थरथरतो ते पाहिलंत की जाड गादीच्या बुटाने काय हरवतं याचा अंदाज येईल. हातमोजे घालून सुईत दोरा ओवण्यातला हा प्रकार आहे: हात तोच, पण त्याला कळायचं बंद होतं.

मग अनवाणी चालून तळव्याला घट्टे पडतात, त्यांनीही जाणीव बोथट होत असेल ना? अनेक वर्षं तसंच मानलं जाई. २०१९ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात केनिया आणि अमेरिकेतल्या लोकांचे तळवे तपासले. नेहमी अनवाणी चालणाऱ्यांची कातडी जाड होती, पण त्या जाडीने संवेदना कमी झालेली नव्हती. घट्टा कठीण असतो, म्हणून जमिनीचा कंप खालच्या संवेदी टोकांपर्यंत पोचतो. बुटातला मऊ फोम तो मधेच गिळतो. कुरूप किंवा भोवरी मात्र वेगळी. ती बहुतेकदा बुटाने एकाच जागी सतत दाबल्यामुळे होते, आतल्या बाजूला टोकदार वाढते आणि म्हणून दुखते.

बूट ही काही नवी खोड नाही

अनवाणीपणाचे उत्साही समर्थक बोलताना असं भासवतात, की पादत्राणं हा आधुनिक माणसाचा चोचला आहे. तसं नाही. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या फोर्ट रॉक गुहेत १९३८ साली झुडपाच्या सालीच्या विणलेल्या चपला सापडल्या. त्या ९ ते १० हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. आर्मेनियातल्या अरेनी गुहेत मिळालेला चामड्याचा बूट सुमारे साडेपाच हजार वर्षं जुना आहे, आणि नाडीसकट. एरिक ट्रिंकॉस या मानववंशशास्त्रज्ञाने जुन्या सांगाड्यांतली पायाच्या बोटांची हाडं मोजली. सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीपासून ती नाजूक होत गेलेली दिसतात, म्हणजे तेव्हाच काही माणसं पायात काहीतरी घालू लागली असावीत, असा त्याचा तर्क आहे. बर्फ, काटे, धारदार दगड यांच्यापुढे माणसाने ही युक्ती फार पूर्वीच काढली.

बिघडलं ते पुढे, बुटाने पायाचा आकार घेण्याऐवजी पायाने बुटाचा आकार घ्यायला सुरुवात केली तेव्हा. इंग्लंडमधल्या केंब्रिज शहरातल्या मध्ययुगीन दफनभूमींतले १७७ सांगाडे संशोधकांनी तपासले. अंगठा करंगळीच्या दिशेने कलतो आणि त्याच्या मुळाशी हाडाचा उंचवटा येतो, ती विकृती ११ ते १३ व्या शतकातल्या सांगाड्यांपैकी ६ टक्क्यांत होती. १४ व्या-१५ व्या शतकात हे प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं. मधल्या काळात लांब, निमुळत्या टोकांच्या बुटांची फॅशन आली होती. अंगठा वाकलेल्यांमध्ये पडून हाड मोडल्याच्या खुणाही जास्त आढळल्या. अंगठा जागेवर नसला की तोल जातो, हे सांगाडे सहाशे वर्षांनंतरही सांगतात.

उंच टाचांबद्दल थोडक्यात: वजन चवड्यावर ढकललं जातं, पोटरीचे स्नायू आखूड राहतात. अधूनमधून घातल्या तर घाबरण्यासारखं काही नाही. रोज आठ तास घालणं वेगळं.

लहान मुलांचे पाय

चालायला शिकणाऱ्या मुलाला घरात, सुरक्षित जमिनीवर अनवाणी राहू द्यावं, यावर बालरोगतज्ज्ञांचं बहुतांशी एकमत आहे. बूट ‘आधार देतात’ ही जाहिरातीतली समजूत. निरोगी पायाला तशा आधाराची गरज नसते. बोटांनी जमीन पकडतच मूल तोल शिकतं. बूट लागतात ते बाहेर, संरक्षणासाठी. तळवा सपाट दिसतो म्हणून अनेक आईवडील काळजी करतात. या वयात कमानीखाली चरबी असते आणि कमान आकाराला यायला पुढची काही वर्षं जातात. तळवा सपाट असूनही मूल धावतंय, उड्या मारतंय, दुखत नाही म्हणतंय, तर खास बुटांवर खर्च करण्याचं कारण नाही.

१९९२ साली राव आणि जोसेफ या भारतीय डॉक्टरांनी ४ ते १३ वयाच्या २,३०० मुलांच्या पायांचे ठसे घेतले. पादत्राणं वापरणाऱ्यांपैकी ८.६ टक्के मुलांचे पाय सपाट निघाले, न वापरणाऱ्यांपैकी २.८ टक्के. आणि हे प्रमाण सर्वांत जास्त होतं ते बोटं पूर्ण झाकणाऱ्या बुटांत. हा अभ्यास अनवाणी चालण्याच्या बाजूने नेहमी पुढे केला जातो, तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एका वेळचे ठसे पाहून कारण सिद्ध होत नाही. आणि सपाट पाय हा स्वतःहून आजार नसतो. कित्येकांना तो जन्मभर त्रास देत नाही.

धावणाऱ्यांची गोष्ट

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी मॅरेथॉन धावला आणि २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत जागतिक विक्रम करून जिंकला. अनवाणीवाले हा दाखला देतात आणि थांबतात. चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला, पुन्हा जिंकला, पुन्हा विक्रम केला, आणि वेळ होती २ तास १२ मिनिटं ११ सेकंद. दोन्ही शर्यती मिळून एवढंच सिद्ध होतं, की बिकिला हा बिकिला होता.

खरा मुद्दा पाय कसा पडतो हा आहे. हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांनी २०१० साली दाखवलं, की सवयीने अनवाणी धावणारे बहुतेकदा चवड्यावर उतरतात, तर जाड टाचेचे बूट घालणारे टाचेवर. उघडी टाच धावताना जमिनीवर आपटली तर शरीराच्या वजनाच्या दीड ते तीनपट धक्का एका झटक्यात बसतो. दुखतं, म्हणून अनवाणी धावणारा तसं करत नाही. इथेही पुन्हा वेदनाच शिकवते. (चालण्याला हे लागू नाही. चालताना टाच आधी टेकणं अगदी नैसर्गिक आहे, अनवाणी असलं तरी. चवड्यावर चालायचा सराव करणारे लोक मी पाहिले आहेत. पोटऱ्या दुखण्यापलीकडे त्यातून काही हाती लागत नाही.)

या संशोधनाच्या आगेमागे बोटाबोटांचे, कातडीसारखे पातळ बूट खपू लागले. त्यांतल्या एका प्रसिद्ध जोडाच्या उत्पादकाने, विब्रमने, पाय मजबूत होतात आणि दुखापती टळतात असे दावे केले होते. त्यांवरून अमेरिकेत खटला झाला आणि २०१४ साली कंपनीने चूक कबूल न करता सुमारे साडेसदतीस लाख डॉलरची तडजोड केली. त्याआधी, २०१३ साली, एका अभ्यासात नेहमीचे धावपटू दहा आठवड्यांत हळूहळू अशा बुटांकडे वळले. १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत एमआरआयवर सूज वाढलेली दिसली. हाड मोडण्याच्या वाटेवर असतं तेव्हा ते असं दिसतं.

असं का व्हावं? कातडी लगेच तक्रार करते, स्नायू दुसऱ्या दिवशी, हाड मात्र आठवडे गप्प राहतं. केसासारखी चीर पडेपर्यंत ते काही बोलत नाही. खरोखर अनवाणी धावणारा नवशिका पहिल्याच किलोमीटरला तळवा हुळहुळला म्हणून थांबतो. पातळ रबर घातलेला थांबत नाही, कारण कातडीचा इशारा बुटाने दाबलेला असतो आणि हाडांवरचा भार मात्र जवळपास अनवाणी धावण्याइतकाच. म्हणून नवशिक्यासाठी पातळ बूट मला अनवाणीपेक्षा जास्त फसवे वाटतात.

न जाणवणारे धोके

१८९८ च्या सुमारास कैरोत आर्थर लूस हा जर्मन शास्त्रज्ञ अंकुशकृमींच्या (आतड्यात राहणाऱ्या हुकवर्म जंतांच्या) अळ्यांवर काम करत होता. अळ्या असलेलं पाणी चुकून त्याच्या हातावर सांडलं. तिथे खाज सुटली, लाली आली. काही आठवड्यांनी त्याच्या स्वतःच्या शौचात कृमींची अंडी सापडली. जंत फक्त तोंडावाटे जातात हा समज तिथे कोसळला: या अळ्या धडधाकट कातडीतून आत शिरतात.

प्रवास असा. बाधित माणूस उघड्यावर शौचाला बसतो, ओलसर, उबदार मातीत अंडी फुटतात, आठवडाभरात अळ्या तयार होतात. त्यांवर अनवाणी पाय पडला की बहुधा बोटांच्या बेचक्यांतून त्या आत जातात. तिथून रक्तावाटे फुप्फुसात, फुप्फुसातून घशात, गिळल्या गेल्या की आतड्यात. तिथे त्या भिंतीला चिकटून रक्त पितात, वर्षं न् वर्षं. पायाला फारतर थोडी खाज कळते. पुढचा थकवा, फिकटपणा, मुलांची खुंटलेली वाढ, गरोदरपणातला रक्तक्षय यांचा संबंध कुणी पायाशी जोडत नाही. संडास वापरात असलेल्या भागात हा धोका जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे ‘मातीत अनवाणी चाला’ हा सल्ला बरा की वाईट, हे त्या मातीवर ठरतं. अमेरिकेच्या दक्षिण भागात १९०९ पासून रॉकफेलर आयोगाने या कृमींविरुद्ध मोहीम चालवली, तेव्हा औषधं, संडास आणि बूट या तिन्हींचा प्रचार एकत्रच केला होता.

दुसरा आजार आपल्याकडे फारसा कुणी ऐकलेला नसतो: पोडोकोनिओसिस. इथिओपियासारख्या देशांच्या उंच पठारांवर, ज्वालामुखीच्या खडकापासून बनलेल्या लाल चिकणमातीत अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्यांचे पाय हत्तीरोगासारखे सुजतात. ना डास, ना जंतू. मातीतले अतिसूक्ष्म खनिजकण कातडीतून आत जाऊन लसिकावाहिन्यांना (ऊतींतलं जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांना) सूज आणतात आणि अनेक वर्षांनी पाय विद्रूप होतो. जगात सुमारे ४० लाख लोकांना हा आजार असल्याचा अंदाज आहे. लहानपणापासून बूट आणि रोज साबणाने पाय धुणं, एवढ्याने तो पूर्णपणे टळतो. पायताणाला औषध म्हणता येईल असं याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

धनुर्वाताबद्दल लोकांना ठाऊक असतं, पण अर्धवट. गंज हे त्याचं कारण नव्हे. जंतूंचे बीजाणू मातीत, धुळीत असतात आणि खोल, हवा न लागणाऱ्या जखमेत वाढतात. बचाव होतो तो लसीने, म्हणून दर दहा वर्षांनी मात्रा घ्यावी आणि मळकट, खोल जखम झाली तर डॉक्टरांना शेवटची मात्रा कधी घेतली ते सांगावं. बुटाने खिळा दरवेळी अडतोच असंही नाही. रबरी तळाच्या बुटातून खिळा पायात घुसला, तर बुटातल्या ओलसर फोममध्ये वाढणारे स्यूडोमोनास जातीचे जंतू त्याच्याबरोबर आत जाऊ शकतात. अशा जखमेने आठवड्याभराने पुन्हा ठणकायला सुरुवात केली तर थांबू नये, हाडाला संसर्ग झालेला असू शकतो.

बंद बुटांचेही स्वतःचे आजार आहेत. घामट, अंधाऱ्या जागेत बुरशी फोफावते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, वास येतो. उलट, सार्वजनिक न्हाणीघरं आणि तरणतलावाच्या ओल्या फरशीवर अनवाणी फिरलं तर बुरशी आणि चामखिळीचे विषाणू मिळतात. तिथे चप्पल घालावी. कडक उन्हात डांबरी रस्ता ६० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो, पण तो धोका पायाला लगेच कळतो. थंडीचं तसं नाही. ती आधी पाय बधिर करते आणि मग इजा करते.

ज्यांनी अनवाणी राहू नये

मधुमेहाने नसा बिघडलेल्या माणसाची अवस्था ब्रँड यांच्या रुग्णांसारखीच असते. हे हळूहळू होतं आणि रुग्णाला त्याचा पत्ता नसतो, कारण न जाणवणं जाणवणार कसं? डॉक्टर एक साधी चाचणी करतात: १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा डोळे मिटलेल्या रुग्णाच्या तळव्याला टेकवायचा आणि कळतं का विचारायचं. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी ही चाचणी करून घ्यावी. धागा कळत नसेल, तर घराबाहेरच काय, घरातही अनवाणी चालू नये. नुसते मोजे घालूनही नाही. रोज तळवे बघावेत, दिसत नसतील तर आरसा घ्यावा किंवा घरच्यांना सांगावं. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावं. पायाला रक्तपुरवठा कमी असणाऱ्यांनाही हेच लागू.

वृद्धांच्या बाबतीत सल्ला मनाजोगा सरळ नाही. जाड, मऊ तळ तोल बिघडवतो हे खरं. पण घरात अनवाणी किंवा मोज्यांवर फिरणारे वृद्ध जास्त पडतात, असंही अभ्यासांत दिसलं आहे. पातळ पण घट्ट, न घसरणारा तळ आणि टाच धरून ठेवणारं पादत्राण त्यांना बरं. टाच मोकळी सोडणाऱ्या सैल सपाता सर्वांत वाईट.

सकाळी उठल्यावर पहिल्या पावलांना टाच ठणकत असेल, तर कडक फरशीवर अनवाणी चालण्याचा नवा नेम त्याच महिन्यात सुरू करू नका. आधी ती बरी होऊ द्या.

जमिनीतले इलेक्ट्रॉन शरीरात शिरून आजार बरे करतात, असाही एक दावा फिरत असतो. त्याच्या बाजूचे अभ्यास छोटे आणि कच्चे आहेत. गवतावर चालून बरं वाटतं, त्याला इलेक्ट्रॉनांची साक्ष कशाला हवी?

सुरुवात कशी करावी

पाय निरोगी असतील, लस घेतलेली असेल, तर घरात अनवाणी राहण्यापासून सुरुवात करा. मग स्वच्छ गवत, वाळू किंवा माती, दिवसाला दहा-पंधरा मिनिटं, जमीन बघत. फरशी आणि काँक्रीट कडक आणि एकसारखे सपाट असतात. त्यांवर दर पावलाला त्याच जागी तोच भार येतो, म्हणून तिथे वेळ सावकाश वाढवा. धावायचं असेल तर काही महिन्यांचा हिशोब धरा, आठवड्यांचा नव्हे. कातडी लवकर तयार होते, हाडं मागून येतात. पावलाच्या वरच्या बाजूला बोट ठेवून एकाच ठिकाणी दुखत असेल, तर थांबून डॉक्टरांना दाखवा.

आणि बूट घ्यायला जाल तेव्हा कागदावर उभं राहून पायाची आकृती काढून न्या. उभं राहूनच, कारण बसल्यावर पाऊल अरुंद दिसतं. बुटाचा तळ त्या आकृतीपेक्षा पुढच्या बाजूला अरुंद असेल, तर तो ‘वापरून सैल होईल’ असं विक्रेता म्हणाला तरी घेऊ नका. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हा मापून पाहिलेलं बरं. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात. मोठ्या पायाचं माप धरा.